बर्गीचं वाण

दुसऱ्याच्या कुंडीत तण दिसलं की आमच्या बाईंच्या बोटांना कंड सुटायचा. ओळख, नातं, स्थळ, वेळ, काही म्हणजे काही आड यायचं नाही. दातांच्या डॉक्टरकडे त्या वेटिंग रूममधल्या कुंडीत मनगटापर्यंत हात घालून बसलेल्या मी पाहिल्यात, आत दाढ दुखणारा माणूस ओरडत होता आणि बाहेर बाई पुटपुटत होत्या, "मुळासकट ये गं, मुळासकट ये." आमच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला आल्या, तेव्हा रांगेत उभं राहायचं सोडून त्यांनी मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेरच्या साऱ्या कुंड्या साफ केल्या आणि उपटलेल्या मुळांची जुडी साहेबांच्या टेबलावर ठेवून गेल्या. साहेब बंगाली, भाविक. त्यांना वाटलं, पेन्शन चालू राहावी म्हणून मराठी लोकांत असं काहीतरी वाहत असतील. संध्याकाळपर्यंत त्यांनी जुडीला धक्का लावला नाही. रुळांमधलं तण काढायला बाईंनी एकदा ट्राम थांबवली होती, असंही गल्लीत सांगतात. ते मी पाहिलेलं नाही. ट्राम थांबली होती एवढं खरं. पण कोलकात्यात ट्राम थांबायला बाईच लागतात असं नाही.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. बँकेने मला पुण्याहून उचलून कोलकात्यात टाकलं तेव्हा बागबाजारातल्या त्यांच्या घराचा मधला मजला मी भाड्याने घेतला. वरच्या मजल्यावर त्या एकट्या आणि त्यांच्या डोक्यावर छत, म्हणजे इथल्या भाषेत गच्ची. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. मराठी मंडळींत त्या 'बाई', बंगाल्यांत 'दिदिमोणि'. तीन पिढ्या इथे काढल्यामुळे मराठी शुद्ध पण वळण इथलं, पहिल्याच दिवशी मला विचारलं, "चहा खाशील ना?" मी म्हटलं, चहा पिते. "तेच ते," बाई म्हणाल्या, "आत गेला म्हणजे झालं."

मराठ्यांना अडवायला या शहराने जो खंदक खणायला घेतला, तो म्हणे इथूनच, बागबाजारच्या उत्तरेकडून. त्याच्या उशाशी येऊन मराठी माणसाने घर बांधावं यालाही छाती लागते. बाईंच्या आजोबांची होती. बंगाल्यांच्या मनात बर्गी, म्हणजे लुटीला आलेले मराठे घोडेस्वार, अजून टापा वाजवतात. पोर झोपत नसेल तर आजही त्यांचं नाव काढतात. बाईंच्या लहानपणी गल्लीतली मुलं त्यांना बर्गीच म्हणत. बाईंनी ते नाव पुढे एका तणाला देऊन टाकलं, आणि त्या तणाने ते सार्थ केलं.

त्याचं असं झालं. खूप वर्षांपूर्वी बाईंनी दार्जिलिंगहून अझेलियाची कुंडी आणली. अझेलिया कोलकात्याचा पहिला उन्हाळा बघून गतप्राण झाली, पण तिच्या मातीतून दुसरंच काही वर आलं. मधोमध देठ, दोन्ही बाजूंना गोल गोल पानं शिडीसारखी, आणि शेंड्यावर मोहरीएवढी पांढरी फुलं. चार पाकळ्या. त्याच्या बारीक उभ्या शेंगा पिकल्यावर नुसता वारा लागला तरी फट् करून फुटतात आणि बी बंदुकीच्या छऱ्यासारखं उडतं. उत्तर कोलकात्यातली छतं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. त्या तणाने एका थंडीत बाईंचं छत घेतलं, दुसऱ्या थंडीत शेजारचं, आणि मी आले तोवर त्याची सत्ता पार गंगेच्या घाटापर्यंत पोचली होती. शेजारच्या छतावरच्या बौदी, म्हणजे आमच्या बंगाली वहिनी, त्यांचे यजमान एकदा गच्चीत दाढी करत असताना त्यांच्या साबणात बी उडालं आणि पुढच्या आठवड्यात हनुवटीवर कोंब आला, असं बौदी शपथेवर सांगत. मी त्यातला कोंब वगळते. बाकी खरं असावं.

"कार्डामाइन," बाई मला म्हणाल्या. "मोहरीच्या गोत्रातली. हिच्या सख्ख्या बहिणी थंड मुलखात बागेत मानानं लावतात, त्यांचं कौतुक करतात. इथे ही तण. आता तूच सांग, हिनं वेगळं काय केलं?"

"न बोलावता आली," मी म्हटलं.

"आजोबाही न बोलावताच आले होते," बाई म्हणाल्या आणि हातातली बर्गी मुळासकट उपटून टोपलीत टाकली. तत्त्वज्ञान वेगळं आणि निंदणी वेगळी, हे बाईंचं पक्कं होतं.

गोत्र हा त्यांचा लाडका विषय. मोहरी, मुळा, कोबी, बाळंतिणीचे आळीव, सगळे एका गोत्राचे. "चार पाकळ्या दिसल्या की घरचं माणूस समजावं." त्या गोत्रातला त्यांचा लाडका म्हणजे कॅन्डीटफ्ट. थंडीत त्यांच्या छतावर त्याचे पांढरे ताटवे इतके दाट फुलत, की शेजारच्या मांजरीने एकदा त्यांना दूध समजून जीभ लावली. बी त्यांच्या आईच्या वेळेपासून घरचं. दर वर्षी राखलेलं, दर वर्षी पेरलेलं. "याच्या चार पाकळ्यांपैकी बाहेरच्या दोन मोठ्या, आतल्या दोन लहान," बाई दाखवायच्या. "संसारातही असंच. बाहेर दाखवायचं ते मोठं."

संक्रांतीनंतर बाईंचं हळदीकुंकू असायचं. कुंकवाला कोण पात्र आणि कोण नाही, ही भानगड त्यांनी ठेवलीच नव्हती. सवाष्ण, विधवा, अविवाहित, मराठी, बंगाली, एकच प्रश्न, "झाडाला पाणी घालता येतं ना? मग ये." आणि वाण म्हणून चहाच्या मातीच्या कपात कॅन्डीटफ्टचं एक रोप. कळी आलेलं रोप त्या कधी देत नसत. "कळी बघून घेणारी बाई फूल घेते, झाड घेत नाही." फाल्गुनात मग त्या घरोघर तपासणीला निघत. फूल दिसलं तर अर्धा तास कौतुक, मातीवर व्याख्यान आणि चहा 'खाऊन' परत. नाही दिसलं तरी अर्धा तासच, पण तो काढणं कठीण. रोप मारलेल्या बायका त्या सुमारास पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला जात. खिदिरपूरला कस्टम्सच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एकीने तर रोप चोरीला गेल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "पोलिसांत चल." ती बिचारी निम्म्या वाटेवर रडली.

अशा बाईंची नजर जायला लागली.

आधी त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. "बातम्या नासल्यात." मग माशातले काटे मोठ्ठे झाल्याची तक्रार सुरू झाली. मग माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायला लागल्या. मला वाटलं, कुडी सैल झाली असेल. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की त्या मला बघायला म्हणून माझ्या कानाकडे बघतात.

पुण्याला त्यांचा भाचा होता. पूल बांधणारा इंजिनिअर, सरळ, प्रेमळ, दर रविवारी फोन करणारा. एकदा त्याने मला फोन केला. "तुम्ही खालीच राहता. खरं सांगा, मावशीला दिसतं का? एकटी, तो जिना, वर ते छत. दिसत नसेल तर मी तिला इकडे आणतो. लिफ्ट आहे, खोली आहे, बायको माझ्याहून चांगली आहे."

"आणि छत?" मी विचारलं.

"छत सोसायटीचं आहे. टाक्या आहेत तिथे."

मी म्हटलं, "दिसतं का म्हणजे? परवा जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्यांनी माझ्या पदराला चिकटलेलं बी ओळखलं! वर जातही सांगितली!" एवढं निखालस खोटं मी कर्जाच्या कुठल्या फाइलवरसुद्धा लिहिलेलं नाही. भाचा म्हणाला, "बरं. फाल्गुनात येतो मी. तिच्या तपासणीच्या फेरीला बरोबर जाईन. मग कळेलच."

संक्रांत आली. हळदीकुंकवाला बायका जमल्या, तिळगूळ झाला, बौदींनी मधेच जीभ हलवून बंगाली बायकांचा मंगल आवाज, उलुध्वनी, करून आमच्या हळदीकुंकवाला दुर्गापूजेची कळा आणली. आणि बाईंनी एकेकीच्या हातात कप ठेवायला सुरुवात केली. मी माझ्या कपात पाहिलं. मधोमध देठ, दोन्ही बाजूंना गोल गोल पानं शिडीसारखी.

शेजारणीच्या कपात पाहिलं. तेच. तिच्या पलीकडच्या कपात, ताटातल्या उरलेल्या कपांत, सगळीकडे तेच. जिला आयुष्यभर उपटलं, तिला बाईंनी यंदा एकेक करून पेरणीच्या ताटातून उचलून, कपात लावून, पाणी घालून वाढवलं होतं. आईचं बी कुजलं असावं आणि त्याच्या जागी उगवलं ते बाईंनी कॅन्डीटफ्ट म्हणून जपलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"यंदा रोपं जोमदार आहेत," बाई माझ्या कानाला म्हणाल्या.

"खूपच," मी म्हटलं. बौदींनी आपला कप कपाळाला लावला आणि गेल्या.

त्या रात्री महाराष्ट्रीय महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे एरवी सुप्रभातची गुलाबफुलं आणि पुरणाच्या तक्रारी असतात, रणधुमाळी माजली. "सांगायला हवं." "तू सांग." "मी? मला त्यांनी नववीत नापास केलंय!" "भाच्याला कळलं तर तो नेणारच त्यांना." "नेलं तर त्या छताविना जगतील का?" मग कस्टम्सवालीने, चोरीच्या अनुभवातून शहाणी झालेली ती, मार्ग काढला: प्रत्येकीने फुललेला कॅन्डीटफ्ट विकत आणून कुंडीत लावायचा. भाचा फुलं बघेल आणि निवांत परत जाईल. ठराव एकमताने पास. बौदी ग्रुपवर नाहीत, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आमचं शहाणपण इथवरच. सगळ्याजणी सियालदहच्या एकाच रोपवाल्याकडे गेलो आणि त्याच्याकडे एकच रंग होता. गर्द जांभळा.

फाल्गुनात भाचा आला. मावशीचा हात धरून, मला बरोबर घेऊन, टॅक्सीने घरोघर निघाला. पहिल्या घरी बाई कुंडीपाशी वाकल्या, चिमटीत माती घेतली, फुलांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पांढरा काय सुरेख फुललाय!"

"हो ना बाई!" यजमानीण म्हणाली. "अगदी दुधासारखा!"

भाच्याने फुलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या घरी दुधासारखा. खिदिरपूरला तर कस्टम्सवाली म्हणाली, "बर्फासारखा, बाई! डोळे दिपतात!" प्रत्येक घरी भाचा जांभळ्या फुलांसमोर उभा आणि प्रत्येक घरी माझी मान आणखी वर. त्याची आम्ही फसवणूक करतोय असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात आम्ही घरामागून घर त्याच्यापुढे पुरावा ठेवत होतो. आणि बाई कुठेच अर्धा तास बोलल्या नाहीत. 'छान' म्हणायच्या आणि उठायच्या. चहासुद्धा नको.

शेवटी आमच्याच शेजारी, बौदींच्या छतावर. बौदींना आपण सांगितलंच नाही, हे मला त्या जिन्यावर आठवलं.

बौदींनी पूजेच्या कलशासारखी मधोमध एक सिमेंटची कुंडी मांडली होती. तिच्यात बर्गी. पण काय बर्गी! आजवर वीतभर बघितलेली ती इथे गुडघ्याला लागली होती, भरघोस, टवटवीत, वर पांढरी फुलं आणि खाली तटतटलेल्या शेंगा. बाईंनी हात पुढे केला. बोट लागलं मात्र, फट् फट् फट् करत साऱ्या शेंगा एकदम उडाल्या. बाईंच्या चष्म्यावर, भाच्याच्या शर्टावर, माझ्या तोंडात बी.

बाई वाकलेल्याच राहिल्या.

"रागावू नका, दिदिमोणि," बौदी म्हणाल्या. बंगालीत म्हणाल्या, मराठीत आणताना त्यातली अर्धी माया तिकडेच राहते. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ही मेली बर्गी मी नाही ओळखणार? पण तुम्ही कुंकू लावून हातात दिलीत. कुंकू लावून दिलेलं उपटायचं कसं, सांगा?"

बाई सरळ झाल्या. "खत काय घातलंस?"

"सोर्षेची पेंड. पाण्यात कुजवून."

"अगं बाई, मोहरीच्या घरच्यांना मोहरीच खाऊ घातलीस!" बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि मग बराच वेळ पुसतच राहिल्या.

"मधलं दिसत नाही रे," चष्मा तसाच हातात ठेवून त्या भाच्याला म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यापासून. पान पुसलं गेलंय, समास तेवढा शिल्लक आहे. आज घरोघर फिरले, त्या सगळ्या कुंड्या बाजारच्या. माती माझी नव्हती. माझ्या मातीत चहाचा चोथा असतो. वाटलं, या बायका एवढ्या का खोटं बोलतायत? मग कळलं, माझ्या हातून काहीतरी भलतंच गेलंय. काय गेलं, ते आत्ता कळलं."

"मला पहिल्याच घरी कळलं, मावशी," भाचा हळूच म्हणाला. "फुलं जांभळी होती."

"जांभळी?" बाई गर्रकन माझ्या कानाकडे वळल्या. "आणि दुधासारखी काय गं?"

मी वर पाहिलं, पण गच्चीवर पंखा नव्हता. भाच्याने मावशीचा हात धरला. "चल आता माझ्याकडे. मी रागावलो नाही. पण रोज वर-खाली कोण बघणार तुझं? चूक आज रोपांत झाली, उद्या गॅसवर होईल."

बाई चष्म्याची काडी चाचपत राहिल्या. उत्तर बौदींकडे होतं. कमरेवर हात ठेवून त्या भाच्यापुढे उभ्या राहिल्या. "न्या की! जरूर न्या! पण आधी यांनी आमच्या छतांवर सोडलेल्या बर्गी वेचून न्या. एकूण एक. ही राहिली, ती राहिली, चालणार नाही. गल्ली साफ झाली की दिदिमोणिंना हार घालून स्टेशनवर मी सोडते!"

भाचा मुळात पूल बांधणारा. काम दिलं की हात चालणारच. तो कठड्यापाशी वाकला, एक बर्गी उपटली. फट् करून तिचं बी अर्ध्या छतावर सांडलं. त्याने दुसरी उपटली. ती बौदींच्या पलीकडच्या छतावर पोचली. तिसरीला हात न लावता तो उभा राहिला आणि कान झटकायला लागला.

तेवढ्यात बाईंना त्यांचा शाळेतला आवाज सापडला. "खोटं कोणी कोणी बोललं आज?" मला म्हणाल्या. "सगळ्यांनी ना? खोटं बोलायला डोळे होते ना सगळ्यांना? मग आठवड्यातला एकेक दिवस तेच डोळे घेऊन माझ्याकडे यायचं. गॅस बघायचा, औषध बघायचं, छत बघायचं. ही शिक्षा आहे, उपकार नव्हे. नववीत नापास झाली ती सोमवारी. कस्टम्सवाली मंगळवारी, तिला सांग, यंदा चोरी चालणार नाही. तू रविवारी."

"आणि मी?" बौदींनी विचारलं.

"तू खरं बोललीस. तू नुसती चहाला ये."

भाच्याने शर्टावरचं बी झटकलं. मग म्हणाला, "एक वर्ष. पुढच्या हळदीकुंकवाला मी येतो. वाणात पुन्हा बर्गी निघाली, तर परतीची तिकिटं दोन."

वर्ष गेलं तसं गेलं. उन्हाळ्यात शिक्षा भोगणाऱ्या बायका आधी कुरकुरत, मग वेळेआधी येऊन बसायला लागल्या. सोमवारवालीला तर मंगळवारी हुसकावून लावावं लागे. थंडी आली. बौदींनी कधीकाळी वाणाच्या रोपाचं राखलेलं बी दिलं, बाईंनी ते पेरलं. ताटात हिरवी पिलं उभी राहिली, आणि त्यांच्यामधून, न बोलावता, ती दुसरीही. आता निवड करायची होती, आणि त्या निवडीवर तिकिटं अवलंबून होती. तो माझा रविवार.

"बर्गी तेवढ्या काढ," बाई म्हणाल्या. "काढशील ती माझ्या हातावर ठेव."

मी चष्मा लावला, उन्हात ताट धरलं आणि एक रोप उपटून ऐटीत त्यांच्या तळव्यावर ठेवलं. बाईंनी ते अंगठ्याने कुरवाळलं, पानाचा कण तोडून दाताखाली धरला.

"कडू," त्या म्हणाल्या. "बर्गी तिखट असते. हा कॅन्डीटफ्ट. परत लाव."

"मग गेल्या वर्षी तुम्हाला कसं नाही कळलं?" मी चिडून विचारलं.

"गेल्या वर्षी मी बघत होते," बाई म्हणाल्या. "दिसत नव्हतं, तरी बघत होते. कोणाला कळू नये म्हणून."

मी दुसरं रोप निवडलं. या वेळी नीट, वेळ घेऊन, पानाचा आकार, देठाचा रंग, सगळं पारखून. उपटलं. ठेवलं. बाईंनी ते चाखलं आणि पहिल्याच्या शेजारी ओल्या मातीत स्वतःच्या बोटाने खोचलं. मग तळवा पुन्हा माझ्यापुढे पसरला आणि माझ्या कानाकडे बघत अगदी गोड आवाजात विचारलं,

"मग आता सांग, पुण्याचं तिकीट कोणाचं काढायचं?"